कळमन्याहून परतणारी गाडी रिकामी का जावी?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

काटोल तालुक्यातील माझ्या साडेचार एकर संत्राबागेतला माल मी गेली बावीस वर्षे पूर्व नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात आणतो. गाडीवाला दरवेळी येण्याचे आणि जाण्याचे असे दुहेरी भाडे लावतो, कारण परत जाताना त्याची गाडी रिकामी असते आणि डिझेल काही फुकट मिळत नाही. त्याचे म्हणणे रास्त असल्याने मी त्याच्याशी वाद घालत नाही. मात्र त्याच पूर्व नागपुरात, कळमन्यापासून फारसे दूर नसलेल्या भांडेवाडीच्या कचरा डेपोत, आमच्याच शेतांतून आलेल्या भाज्यांची देठे, फळांच्या साली आणि उष्टे अन्न यांचे डोंगर उभे आहेत, आणि माझी बाग तर शेणखताच्या एका ट्रॉलीसाठी दरवर्षी गावोगाव हिंडायला लावते. शहराच्या कचऱ्याविषयी आपल्या अंकात बातम्या नेहमी येतात. त्या बहुतेक दुर्गंधी, आग आणि निविदा यांच्याभोवती फिरतात. ज्याच्या शेतात हा कचरा खत होऊन जायचा, त्या शेतकऱ्याला काय हवे हे त्यांत क्वचितच येते. ते सांगावे यासाठी हे पत्र.

आधी गरज किती आहे ते सांगतो. 6 मीटर बाय 6 मीटर अंतरावर लावलेल्या बागेत एकरी साधारण 111 झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या संत्र्याच्या झाडाला वर्षाकाठी 50 किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे, असे आम्हाला सांगितले जाते आणि अनुभवही तसाच आहे. म्हणजे माझ्या पाचशे झाडांना दरसाल 25 टन खत लागते. माझ्या वडिलांच्या वेळी गोठ्यात चार बैल, दोन गाई आणि एक म्हैस होती, आणि उकिरड्यावर पावसाळ्यापर्यंत जे साठे त्याच्या बंड्या भरून थेट शेतात जात. आता वखरणी ट्रॅक्टरने होते, गोठ्यात एक गाय उरली आहे, सोयाबीनचे कुटार विकले जाते आणि कापसाची पऱ्हाटी पुढच्या हंगामाच्या घाईत बांधावर पेटवली जाते. ही एकट्या माझ्या घरची कथा नाही. गावात ज्याच्याकडे जनावरे आहेत त्याला स्वतःलाच खत पुरत नाही, आणि जो विकतो त्याच्या ट्रॉलीत निम्मी माती असते.

आमची काळी जमीन पाणी धरून ठेवण्यासाठी नावाजलेली आहे, पण तिच्यातला सेंद्रिय कर्ब (कार्बन) कमी झाला की तीच जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट होऊन मुळांचा श्वास कोंडते. शिवाय ती चुनखडीयुक्त आणि विम्ल (अल्कधर्मी) असल्याने तिच्यात टाकलेला स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी जखडून बसतो आणि लोह झाडाला मिळत नाही. संत्र्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते यामुळेच. रासायनिक खताची मात्रा वाढवून हे दुखणे जात नाही. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून निघणारी आम्ले आणि त्यांवर जगणारे जिवाणू हेच या जखडलेल्या अन्नाला मोकळे करतात. हे मी ऐकीव सांगत नाही: बागेच्या ज्या कोपऱ्यात पूर्वी आमचा उकिरडा होता, तिथल्या अकरा झाडांवर मी गेल्या कित्येक वर्षांत पिवळे पान पाहिलेले नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे म्हणतात. आमच्या उकिरड्याने तर बागेचे पांग फेडले.

अशा गरजेपोटी काही वर्षांपूर्वी मी शहरी कचऱ्यापासून बनवलेले खत विकत घेतले. विक्रेत्याचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण अनेकांचा अनुभव सारखाच आहे. पोती फोडली तेव्हा रंग छान काळा होता आणि वासही मातीचा होता. झाडांच्या आळ्यांत ते पसरून पहिला पाऊस पडला, वरची बारीक माती बसली आणि मग खाली काय होते ते दिसू लागले: दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, बांगड्यांच्या काचा, शाम्पूच्या पुड्या, घड्याळाचे सेल, सलाइनची नळी. डवरणीच्या वेळी आमच्या एका मजूरबाईच्या तळव्यात काच गेली. तिचे आठ दिवसांचे कामही बुडाले आणि माझा त्या खतावरचा विश्वासही. नळीचा तुकडा मी अजून जपून ठेवला आहे. शहरी खताचा विषय निघाला की तो दाखवतो.

कायदा याबाबत मुका आहे असे नाही. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची मानके दिलेली आहेत. त्यातले 90 टक्के कण 4 मिलिमीटरच्या चाळणीतून पडले पाहिजेत, कर्बाचे नत्राशी (नायट्रोजनशी) प्रमाण 20 पेक्षा कमी असले पाहिजे, आणि जड धातूंना मर्यादा आहेत: किलोमागे शिसे 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5, पारा अवघा 0.15 मिलिग्रॅम. हे शेवटचे आकडे शेतकऱ्याने नीट लक्षात ठेवावेत. काच डोळ्यांना दिसते आणि वेचता येते, पण घड्याळाच्या सेलातला पारा आणि जुन्या बॅटरीतले शिसे दिसत नाही, कुजत नाही, वाहूनही जात नाही. ते एकदा जमिनीत शिरले की माझ्या नातवाच्या सातबाऱ्यावर नाव चढेल तेव्हाही तिथेच असेल. म्हणून घरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे हा शहराच्या टापटिपीपुरता प्रश्न नाही. मिसळलेला कचरा पुढे कितीही महागड्या यंत्रातून काढला तरी त्यातून निघालेले खत संशयितच राहते. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरण सक्तीचे केले, ते याच कारणाने योग्य होते. धरमपेठेतल्या माझ्या मेहुण्याकडे दोन बादल्या आहेत आणि त्या रोज नेमाने वेगळ्या भरल्या जातात. घंटागाडीत त्या एकत्र होताना मी स्वतः पाहिल्या आहेत. वहिनींनी तरीही वेगळे करणे सोडलेले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता पैशांचे बोलू, कारण त्याविना शेतीचे कोणतेच बोलणे पुरे होत नाही. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि तिच्यात सुमारे 20 किलो 700 ग्रॅम नत्र असते. तेवढे नत्र शहरी कंपोस्टमधून हवे असेल तर दोन टनांहून अधिक खत शेतात आणावे लागेल. नत्राच्या हिशेबात कंपोस्ट युरियापुढे टिकत नाही आणि तो हिशेब मांडून ते कोणी विकूही नये. कंपोस्टचे मोल त्यातल्या कर्बात, ओल धरण्यात आणि आधी सांगितलेल्या जखडलेल्या अन्नाची कुलपे उघडण्यात आहे. हे मोल मिळायला दोन-तीन वर्षे जातात आणि पिकाचे पैसे मात्र सहा महिन्यांत हवे असतात. केंद्र सरकारने 2016 मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनामागे 1,500 रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि रासायनिक खतांच्या कंपन्यांनी ते आपल्या मालासोबत विकावे असे ठरवले. हेतू चांगला होता. पण कृषी सेवा केंद्रात युरिया किंवा डीएपी मागितले की सोबत न मागितलेली बाटली नाहीतर पुडी गळ्यात पडते, याला आम्ही लिंकिंग म्हणतो, आणि अशा गळ्यात पडणाऱ्या मालाच्या रांगेत शहरी खत जाऊन बसले की त्याची उरलीसुरली पतही जाते.

खरी अडचण वाहतुकीची आहे. ज्या मालात टनामागे आठ-दहा किलो नत्र असते तो शंभर किलोमीटर नेणे कुणालाच परवडणार नाही. परंतु काटोल, कळमेश्वर, सावनेर, कुही, उमरेड या भागांतून शहराकडे भाजी, संत्री आणि धान्य घेऊन रोज गाड्या येतात आणि त्यांतल्या अनेक रिकाम्या परततात. जाण्याचे भाडे आम्ही तसेही भरतोच. तेव्हा चाळलेले, तपासलेले, पोत्यात भरलेले खत भांडेवाडीतून उचलून कळमना बाजाराच्या आवारातच ठेवले आणि माल उतरवलेल्या गाडीत तिथेच चढवता आले, तर वाहतुकीचा मोठा भाग आधीच भरलेला असेल. जुन्या काळी शहरात भाजी आणणारी बंडी परतताना गोठ्यांतले शेण भरून नेई, असे आमचे आजोबा सांगत. त्यासाठी कोणाला निविदा काढावी लागली नव्हती.

शहराकडे कच्चा माल किती आहे? नागपुरात रोज हजार टनांहून अधिक कचरा गोळा होतो आणि आपल्याकडच्या कचऱ्यात ओल्याचा वाटा मोठा असतो. पण आकड्यापेक्षा त्याची जात महत्त्वाची आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरा एकटा कुजवला तर तो पाणी सोडतो, सडतो, त्याला घाण वास सुटतो आणि नत्र अमोनिया होऊन उडून जाते. त्याला कोरड्या, कर्बयुक्त मालाची जोड लागते. ढिगात नत्राच्या एका भागास कर्बाचे 25 ते 30 भाग असले आणि निम्म्याहून थोडी अधिक ओल राहिली तर तो चार-पाच दिवसांत आपोआप 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो, आणि त्या उष्णतेत रोगजंतू व तणांचे बी मरते. हा कोरडा माल नागपुरात कमी आहे का? फेब्रुवारी-मार्चमध्ये सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर पडणारा पाला पाहावा. सकाळी फिरायला जाणारे लोक ज्याच्या धुराची तक्रार करतात, तो पाला म्हणजे आमच्या दृष्टीने पेटवलेले खत आहे. कॉटन मार्केटमधली कोबीची पाने आणि सिव्हिल लाइन्समधला पाला एका ढिगात आणले की अर्धे काम झाले. संत्र्याच्या सालीच्या नुसत्या ढिगाला तिच्यातल्या तेलामुळे कुजायला वेळ लागतो, पण पाल्यात मिसळली की तीही विरघळते. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा ढीग वाळून मरतो, त्याला पाणी आणि सावली लागते; जुलैत उघड्या ढिगातले अन्न पावसाने धुऊन जाते, म्हणून त्याला छप्पर लागते. हे ज्ञान कुणी परदेशातून आणून द्यायला नको.

ते आपल्याच देशात जन्मले आणि वाढले. 1924 नंतर इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्रमिश्रित माती यांचे थर लावून ढीग वेळोवेळी उलटण्याची पद्धत बसवली आणि ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. 1939 च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. आचार्य यांनी शहराचा कचरा आणि मैला यांचे आळीपाळीने थर लावून, वरून मातीने लिंपून, न उलटता खत करण्याची रीत शोधली. ती नगरपालिकांसाठीच होती. आणि पुसदच्या पांढरीपांडे यांनी, ज्यांना पुढे सारे नाडेपकाका म्हणू लागले, विटांमध्ये भोके सोडून बांधलेल्या 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच टाक्यात थोड्याशा शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवून दाखवला. शंभर किलो शेणात चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा आणि चाळलेली माती मिसळून तीन-चार महिन्यांत खत, हे आम्ही स्वतः केले आहे. ज्याच्या गोठ्यात एकच गाय उरली आहे, त्याच्यासाठीच जणू ही युक्ती होती. मातीची पाहणी करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात अमरावती रस्त्यावर आहे, कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था इथेच आहे, पर्यावरण अभियांत्रिकीची संस्था तर 1958 पासून आहे. चार दिशांना चार दिवे आणि मधल्या ओट्यावर अंधार, असे आपले चालले आहे.

आतापर्यंत ओल्या कचऱ्याविषयी लिहिले. तो विषय सोपा आहे, कारण त्याची कुणाला लाज वाटत नाही. माणसाच्या मलमूत्राचा विषय काढला की बैठकीतले लोक घड्याळ पाहू लागतात. तरीही तो काढलाच पाहिजे, कारण आपण शेतातून जे नत्र, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) अन्नातून खातो ते मोठ्या माणसाच्या शरीरात राहत नाही, जवळजवळ सगळेच बाहेर पडते. आपल्या आहाराच्या मानाने हात राखून माणशी वर्षाला अडीच किलो नत्र धरले आणि 2011 च्या जनगणनेतील महापालिका क्षेत्राची 24 लाख 5 हजार लोकसंख्या घेतली, तरी वर्षाला सुमारे सहा हजार टन नत्र होते. युरियाच्या भाषेत ते तेरा हजार टन, म्हणजे अंदाजे 2 लाख 90 हजार गोण्या. यातले सगळे हाती लागणार नाही हे मला ठाऊक आहे. पुष्कळसे पाण्यात विरघळलेले असते, काही हवेत उडते. पण या नत्राचा एक मोठा भाग आज नाग नदीतून कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जातो. शेतात जे अन्न झाले असते ते पाण्यात विष होते. स्फुरदाची गोष्ट त्याहून गंभीर आहे, कारण डीएपी या स्फुरदयुक्त खतासाठी लागणारा खडक आपण मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून आणतो आणि पालाश तर जवळजवळ संपूर्ण आयात होते.

मराठीने माणसाच्या मैल्यापासून होणाऱ्या खताला सोनखत म्हटले आहे, आणि शब्द उगाच पडलेला नाही. 1946 च्या सुमारास विनोबा रोज पवनारहून सुरगावला पायी जाऊन मैला सफाई करीत. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणारे साधे संडास रचले आणि वापरात आणले. पुढे देहूच्या आरोग्य केंद्रात आलेले डॉ. मापुसकर गावभर संडास बांधून त्यांना गॅसचे संयंत्र जोडण्याच्या कामाला लागले आणि त्यातच आयुष्य घालवले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या तिघांच्या कामात मला एक समान सूत्र दिसते. त्यांनी खताआधी माणसाचा विचार केला. कारण सोनखताचा जुना इतिहास सुंदर नाही. ज्या काळात पुण्यासारख्या शहरांजवळ मैला राखेत मिसळून उसाला घातला जाई, त्या काळात तो मैला एका विशिष्ट जातीच्या डोक्यावरच्या पाटीतून शेतापर्यंत येत होता. दीक्षाभूमीच्या गावात राहून ही गोष्ट विसरून सोनखताचे गोडवे गाणे मला शोभणार नाही. कच्च्या मैल्याला कुणाचा हात लागता कामा नये, ही पहिली अट. 2013 च्या कायद्याने तसा हात लावायला भाग पाडणे गुन्हा ठरवले आहेच. ज्या पद्धतीत ही अट पाळता येत नाही ती पद्धत खताच्या दृष्टीने कितीही चांगली असो, तिचा विचारच करू नये.

ही अट पाळणारी एक पद्धत आमच्या गावांत आधीच पुरून ठेवलेली आहे, आणि या पत्रातला माझा सर्वांत तातडीचा मुद्दा तोच आहे. गेल्या दहा वर्षांत नागपूर जिल्ह्यातील गावांत जी शौचालये बांधली गेली त्यांत पुष्कळ ठिकाणी दोन शोषखड्ड्यांची रचना आहे. एक खड्डा वापरायचा, भरला की छोट्या कुंडीतली वाट बदलून दुसरा सुरू करायचा, आणि पहिला झाकून दीड-दोन वर्षे विसरून जायचा. माणशी वर्षाला 40 ते 45 लिटर गाळ साठतो या हिशेबाने पाच जणांच्या घराचा खड्डा काही वर्षांत भरतो. म्हणजे ते आता भरत आहेत. आणि होत आहे काय? घरमालकाला दुसऱ्या खड्ड्याची माहितीच नसते, कुंडीचे झाकण सिमेंटने पक्के केलेले असते, किंवा दोन्ही नळ्या एकाच वेळी उघड्या राहून दोन्ही खड्डे एकत्र भरलेले असतात. मग टँकरवाल्याला फोन जातो. तो पैसे घेऊन मैला उपसतो आणि रात्री कुठल्यातरी नाल्यात सोडतो. ज्या ठिकाणी खतासाठी खड्डा होता तिथून रोग बाहेर जातो.

नीट वापरलेल्या खड्ड्यातून दोन वर्षांनी जे निघते ते मातीसारखे भुरे, भुसभुशीत आणि बिनवासाचे असते. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या स्वच्छता खात्याच्या सचिवांनी स्वतः अशा खड्ड्यात उतरून ते हाताने बाहेर काढले होते. माझ्या शेतातल्या मजुरांच्या संडासाचा खड्डा मीही उघडला आहे. पहिले फावडे मारताना मन कचरले हे कबूल करतो. दुसरे मारताना कचरले नाही. ते खत मी सहा झाडांना दिले. मुतारीचे तर मी आणखी सोपे केले. मूत्र बंद ड्रममध्ये दोन महिने साठवून, दहापट पाण्यात मिसळून खोडापासून दूर आळ्यात सोडतो. मलमूत्रातले बहुतेक नत्र मूत्रातच असते आणि निरोगी माणसाच्या मूत्रात रोगजंतू फार थोडे असतात. शेजाऱ्यांनी थट्टा केली. त्यांतले एक गृहस्थ दर अमावस्येला घरात गोमूत्र शिंपडतात. मी काही बोललो नाही.

काळ्या मातीत मात्र शोषखड्डे खणताना एक दक्षता लागते आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालेले दिसते. या मातीत पाणी मुरत नाही, खड्ड्यातले पाणी पावसाळ्यात उलट वर येते. त्यासाठी खड्ड्याच्या विटकामाभोवती सुमारे एक फूट जाडीचा वाळूचा किंवा बारीक खडीचा थर भरावा असे मानक सांगते. हा थर वगळला की खड्डा तुंबतो आणि लोक शौचालयच सोडून देतात. विहीर जवळ असेल तर जागाच बदलावी.

शहराच्या मलनिस्सारण केंद्रातल्या गाळाबद्दल मी अधिक सावध आहे. नागपूरने सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना दिले, हे उत्तम झाले. पिण्याचे तेवढे पाणी वाचले. पण त्या प्रक्रियेत खाली बसणाऱ्या गाळात घरांच्या मैल्यासोबत दवाखाने, वर्कशॉप आणि मुलामा देणारे छोटे कारखाने यांचेही सारे उतरते. अमेरिकेतल्या मेन राज्याने शेतांत असा गाळ वर्षानुवर्षे पसरला आणि त्यातून न विघटणारी रसायने गाईंच्या दुधापर्यंत पोहोचल्यावर 2022 मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. अहमदाबादेत 2019 पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्टच्या किरणांखाली गाळ निर्जंतुक करतात. जंतू त्याने मरतात, धातू मरत नाहीत. म्हणून हा गाळ आज कोणी फुकट दिला तरी मी बागेत घेणार नाही, आणि इतरांनीही प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल पाहिल्याशिवाय घेऊ नये. घरगुती सेप्टिक टँकचा गाळ त्यामानाने स्वच्छ असतो. साताऱ्याकडच्या वाई आणि नाशिककडच्या सिन्नर या नगरपालिकांनी ठरावीक वर्षांनी घरोघरचे टँक उपसून त्या गाळावर वेगळी प्रक्रिया करण्याची पद्धत सुरू केली आहे. आपल्या जिल्ह्यातील लहान नगरपालिकांनी तेवढे पाहून यायला हरकत नाही.

सोनखत कशाला घालावे आणि कशाला नाही, हेही स्पष्ट असावे. संत्रा, कापूस, तूर, ज्वारी यांना चालेल, कारण खत मातीत राहते आणि खायचे फळ वर असते किंवा शिजते. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांच्या जवळ ते येऊ नये. जंतांची अंडी सगळ्यात चिवट असतात आणि अर्धवट कुजलेल्या खतातून ती कोथिंबिरीच्या पानावर चढतात. खत पुरे तापले किंवा पुरेसे जुने झाले की नाही, याविषयी शंका असेल तर आणखी एक वर्ष थांबावे. संत्र्याचे झाड थांबायला तयार असते.

महापालिका, बाजार समिती आणि कृषी विभाग यांच्याकडे माझे मागणे मोठे नाही. राज्य शासनाने शहरी खतासाठी हरित महासिटी कंपोस्ट हे नाव आधीच ठरवून दिले आहे, तेव्हा नव्या नावाचे उद्घाटन नको. फक्त बाजारांचा, मंगल कार्यालयांचा आणि पाल्याचा वेगळा आलेला कचरा वेगळ्याच ढिगात कुजवावा, घरोघरच्या मिसळलेल्या कचऱ्याशी त्याची गाठ पडू देऊ नये, आणि या पहिल्या प्रतीचे खत कळमना बाजारात एका छपराखाली ठेवावे. प्रत्येक खेपेची तपासणी करून धातूंचे आकडे पोत्यावर मराठीत छापावेत. गावांत ग्रामपंचायतीने शोषखड्ड्यांची एक नोंदवही ठेवावी: कोणाचा खड्डा कधी बंद झाला, कधी उघडायचा. उघडण्याचे काम रोजगार हमीच्या दराने, फावड्याने, हातमोजे घालून व्हावे आणि ते कोणत्या एका वस्तीच्याच वाट्याला येत नाही ना, हे ग्रामसभेने पाहावे.

आंबिया बहराचा माल घेऊन येत्या नोव्हेंबरात माझी गाडी नेहमीप्रमाणे कळमन्यात उभी राहील. परतीचे भाडे मी भरलेलेच असेल. दोन टन चाळलेले खत मी जागेवर रोख पैसे देऊन उचलायला तयार आहे. पोत्यावर तपासणीची तारीख मात्र हवी, आणि पहिले पोते मी तिथेच फोडून चाळून पाहीन.

कळावे,

आपला,
एक संत्रा उत्पादक,
नागपूर